आंस, वंगण आणि चुंबक

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि किल्ले उभे राहतात. कोणी शोधांचा इतिहास लिहूं लागला, तरी त्यांतहि वाफेचें इंजिन, विजेचा दिवा, विमान असे डोळ्यांत भरणारे शोधच मानाचें पान घेऊन बसतात. जो भाग यंत्राच्या पोटांत दडून बसतो, ज्याचें नांव यंत्र सुरळीत चालूं असतां कोणाच्याहि तोंडीं येत नाहीं, आणि यंत्र बंद पडलें म्हणजेच ज्याची आठवण होते, अशा भागाचा इतिहास लिहावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. फिरत्या आंसाला आधार देणारा धारवा, ज्याला कारखान्यांत आणि बाजारांत सर्वजण बेअरिंग म्हणतात, तो असाच एक उपेक्षित भाग आहे. तथापि गेल्या पावणेदोनशें वर्षांत यंत्रविद्येनें जी मजल मारली, तिची प्रत्येक पायरी या धारव्याच्या शक्तीनें ठरलेली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. चाक किती वेगानें फिरूं शकेल, किती उष्णतेंत किंवा किती थंडींत टिकेल, याचें उत्तर चाकापाशीं नसून त्याच्या आधारापाशीं असतें.

धारव्याचें काम सांगावयास सोपें आणि करावयास कठीण आहे. त्यानें भार पेलावा, परंतु गतीस अडवूं नये. आंसाला जागेवरून हलूं देऊं नये, परंतु फिरूं द्यावें. धरून ठेवणें आणि मोकळें सोडणें या दोन परस्परविरुद्ध मागण्या एकाच वेळीं पुऱ्या करावयाच्या असतात. आपल्या घरांतील जातें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. खालच्या दगडाच्या मध्यभागीं एक खीळ उभी असते, वरच्या दगडाच्या तोंडांत एक माकडी बसविलेली असते, आणि तिच्या आधारानें वरचा दगड खिळीभोंवतीं फिरतो. बैलगाडींतहि तोच प्रकार. तेथें खिळीच्या जागीं आडवा आंस आणि माकडीच्या जागीं चाकाचा तुंबा. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरून गाडीला टांगलेल्या नळकांड्यांतील वंगण घालीत असे. वंगणावांचून गाडा चालत नाहीं, ही म्हण आपण आज भलत्याच अर्थानें वापरतों. पण मुळांत तें यंत्रशास्त्राचें एक निर्विवाद सूत्र आहे.

बैलगाडीचा वेग कमी, म्हणून तिची चूकहि स्वस्त. वंगण संपलें तर चाक ओरडे, आणि बैलांना श्रम अधिक पडत. त्यापलीकडे फारसें कांहीं होत नसे. ही स्थिति ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बदलली. त्या दिवशीं दुपारीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर अंतर तोडून सुमारें तासाभरानें ठाण्यास पोंचली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान या नांवांचीं तीन इंजिनें, आणि एकवीस तोफांची सलामी, हा सगळा थाट आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलेला आहे. पण त्या चौदा डब्यांखालीं जे आंस फिरत होते, त्यांच्या टोकांशीं बसविलेल्या पेट्यांची हकीकत शाळेच्या पुस्तकांत नसते. एप्रिलच्या उन्हांत, माणसांनीं भरलेल्या डब्यांचा सारा भार घेऊन, लोखंड धातूवर घांसत होतें, आणि त्या दोहोंच्या मध्यें वंगणाचा एक पातळ थर काय तो होता. पुढच्या वर्षीं, म्हणजे १८५४ च्या मे महिन्यांत, खाडी ओलांडून गाडी कल्याणास गेली. १८६३ सालीं बोरघाट खुला झाला, आणि तेथें तर ३७ फुटांस १ फूट असा चढ होता. गाडी जसजशी लांब आणि जड होत गेली, तसतसें त्या पेटींतील काम अधिकाधिक अवघड होत गेलें.

त्या काळच्या आंसाच्या पेटींत धातूची एक अर्धगोल वाटी आंसाच्या टोकावर पालथी घातलेली असे. डब्याचा भार त्या वाटीवर आणि वाटीचा भार आंसावर पडे. अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं कथील, अँटिमनी आणि तांबें यांची एक मऊ मिश्रधातु काढली होती, आणि तिचा थर अशा वाट्यांना आंतून देण्याचा प्रघात पुढें सर्वत्र पडला. या मऊपणांत मोठें शहाणपण होतें. आंस महाग आणि वाटी स्वस्त, म्हणून झीज व्हावयाची ती वाटीची व्हावी. धुळीचा कण आंत शिरला तर त्यानें वाटींत रुतून बसावें, आंसाला ओरखडा काढूं नये. वंगणासाठीं हिंदुस्थानांतील रेल्वेंत एरंडेल तेलाचाहि पुष्कळ उपयोग होत असे. ज्या एरंडेलाचें नांव काढतांच आपल्याकडील मुलें तोंड फिरवीत, तें तेल उष्णतेंतहि आपला चिकटपणा बराच टिकवून धरतें, आणि पहिल्या महायुद्धांत तर विमानांच्या इंजिनांतहि त्याला मान मिळाला. कॅस्ट्रॉल हें वंगणाचें प्रसिद्ध नांव कॅस्टर म्हणजे एरंडेल या शब्दावरूनच पडलेलें आहे.

परंतु तेल आटलें, किंवा पेटींत धूळ शिरली, कीं घर्षण वाढे; घर्षणानें उष्णता वाढे; उष्णतेनें तेल पातळ होऊन उरलेला थरहि फाटे; आणि मग घर्षण आणखी वाढे. हें दुष्टचक्र एकदां सुरू झालें म्हणजे वाटींतील मऊ धातु वितळून वाहूं लागे, आणि अखेर आंसाचें टोक पिळवटून तुटण्यापर्यंत मजल जाई. रेल्वेचे लोक या प्रकाराला 'हॉट ॲक्सल' म्हणतात. तो टाळण्यासाठीं गाडी स्टेशनांत थांबली कीं तपासनीस प्रत्येक चाकापाशीं जाऊन पेटीला हाताची पालथी बाजू लावून पाहात. कोठें ऊब नेहमींची आणि कोठें अधिक, हें त्या हाताला कळे. हजारों उतारूंचे प्राण किती वर्षें या मुक्या स्पर्शज्ञानावर अवलंबून होते, याची उतारूंना कल्पनाहि नव्हती.

हा तेलाचा थर नेमकें काय करतो, याचें शास्त्र मात्र गाड्या चालूं लागल्यानंतर तीस वर्षांनीं हातीं लागलें, आणि तेंहि जवळजवळ अपघातानें. इंग्लंडांत यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें घर्षणाच्या शोधाचें काम बोशाँप टॉवर या इंजिनियरकडे सोंपविलें होतें. १८८३ सालीं त्यानें रेल्वेच्या आंसासारखीच मांडणी करून, वर वाटी आणि खालीं तेलाचें स्नानपात्र ठेवून प्रयोग चालविले. वाटीच्या माथ्यावर तेल सोडण्याकरितां त्यानें एक भोंक पाडलें. आंस फिरूं लागतांच वरून आंत जावयाचें तेल त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें. त्यानें लाकडाची खुंटी ठोकून भोंक बंद केलें, तर ती खुंटीहि तेलानें बाहेर लोटून दिली. तेव्हां त्यानें तेथें दाबमापक बसविला. वाटीवरील भाराचा सरासरी दाब दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड होता, आणि दाबमापकाचा कांटा २०० पौंडांच्याहि पलीकडे गेला! याचा अर्थ असा कीं, आंस आणि वाटी एकमेकांना शिवतच नव्हतीं. फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढून नेऊन चिंचोळ्या फटींत कोंबीत होता, आणि त्या कोंबलेल्या तेलाच्या दाबावर सगळा भार तरंगत होता. तीन वर्षांनीं, १८८६ सालीं, ऑस्बर्न रेनल्ड्स यानें या तरंगण्याचें गणित मांडून दाखविलें.

आमच्या मतें धारव्याच्या इतिहासांतील ही सर्वांत महत्त्वाची घटना होय. तोंपर्यंत वंगण म्हणजे दोन घासणाऱ्या पदार्थांना गुळगुळीत करणारें द्रव्य, एवढीच समजूत होती. आतां कळून आलें कीं उत्तम धारवा तोच, ज्यांत स्पर्श होतच नाहीं. पुढचा सर्व इतिहास हा या एका तत्त्वाचा विस्तार आहे.

दुसरी वाट होती ती घसरण्याऐवजीं घरंगळण्याची. जड दगड ओढण्यापेक्षां खालीं लांकडाचे ओंडके घालून ढकलणें सोपें, हें माणसाला फार पूर्वींपासून माहीत होतें. १७९४ सालीं वेल्समधील फिलिप व्हॉन यानें गाडीच्या आंसाकरितां गोळ्यांच्या धारव्याचें पेटंट घेतलें. १८९८ सालीं अमेरिकेंतील हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या गृहस्थानें शंकूसारख्या निमुळत्या रुळांचा धारवा काढला. आणि १९०७ सालीं स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट यानें आंस किंचित् वांकला तरी आपोआप जुळवून घेणारें गोळ्यांचें बेअरिंग सिद्ध केलें. ठाण्यांत खोपट येथें एस. टी.चें आगार आहे. तेथून सुटणाऱ्या गाड्यांसारख्या जड गाड्यांच्या चाकांत आज फिरतात ते या घोडागाडीवाल्या टिमकेनच्या निमुळत्या रुळांचेच वंशज. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास एस. टी.ची पहिली गाडी गेली. तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील धुळीच्या रस्त्यांवर या रुळांनीं आणि त्यांत भरलेल्या ग्रीसनें महाराष्ट्राची जी सेवा केली, तिचा उल्लेख कोणत्याहि गौरवग्रंथांत आढळावयाचा नाहीं.

येथें एक गोष्ट खेदानें नमूद केली पाहिजे. ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, आणि तिच्या उभारणींत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या आपल्या पुढाऱ्यांचा हात होता. परंतु गोळ्यांची बेअरिंगें बनविणारी कंपनी या देशांत जयपूर येथें निघाली ती १९४६ सालीं, आणि तेथें माल तयार होऊं लागला तो १९५० च्या सुमारास. पुण्याजवळ चिंचवड येथील कारखान्याचा पाया ज्या कंपनीनें घातला, ती १९६१ ची. म्हणजे शंभर वर्षें आपण चाकावर बसून हिंडलों, परंतु चाक ज्यावर फिरतें ती वस्तु परदेशाहून आणीत राहिलों. केंसाच्या जाडीच्याहि लहान अंशापर्यंत गोलाई साधलेली पोलादाची गोळी बनविणें ही बाहेरून क्षुल्लक दिसणारी गोष्ट आहे. पण धातुशास्त्र, मोजमाप आणि शिस्त या तिन्हींचा कस तींत लागतो, आणि म्हणूनच ती उशिरां साधली.

असो. तेलाचा थर काय किंवा ग्रीसमध्यें फिरणारी गोळी काय, दोहोंना एक मर्यादा आहे, आणि ती उष्णतामानाची. साधें खनिज तेल दोनशें अंश सेल्सिअसच्या आसपास टिकत नाहीं; तें जळूं लागतें, काळें पडतें, त्याचा राळेसारखा लेप बसतो. उलट थंडींत तेंच तेल घट्ट होत जातें. नायट्रोजन वायु उणे १९६ अंशांवर द्रव होतो, आणि हिलियम उणे २६९ अंशांवर. इतक्या थंडींत हिलियम सोडून बाकी सर्व पदार्थ गोठून जातात. तेथें तेल घालणें म्हणजे यंत्रांत दगड घालणें होय. शिवाय तेलाची वाफ थंड नळ्यांत जाऊन गोठली तर सर्व मार्गच बंद पडावयाचा. ज्या यंत्राच्या पोटांत ज्वाला आहे तें, आणि ज्याच्या पोटांत द्रव हिलियम आहे तें, अशीं दोन्ही यंत्रें एकच प्रश्न विचारतात: तेलावांचून आंस कसा तोलावा?

या प्रश्नाला एक उत्तर वायूचें आहे. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें हिलियम द्रवरूप करण्याचें जें यंत्र घडविलें, त्यांतील चिमुकल्या चक्रांना तेल नाहीं आणि गोळ्याहि नाहींत. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा त्यांचा आंस वायूच्याच थरावर तरंगतो. टॉवरच्या प्रयोगांत तेलानें जें केलें, तें येथें वायु करतो. ठाण्याच्या खाडीच्या मुखाशीं असलेल्या या संस्थेंत तें तत्त्व पुनः कामास आलें, ही आम्हांस समाधानाची बाब वाटते. पण वायूचा थर अतिशय पातळ असतो आणि तो थोडाच भार पेलतो. भार मोठा झाला म्हणजे दुसरें उत्तर शोधावें लागतें, आणि तें उत्तर चुंबकाचें आहे.

चुंबकावर आंस अधांतरीं तोलावा, ही कल्पना कोणासहि सहज सुचण्यासारखी आहे. दोन चुंबकांचीं सारखीं टोकें एकमेकांना दूर लोटतात हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. मग एका चुंबकावर दुसरा तरंगत कां ठेवूं नये? याचें उत्तर सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानें १८४२ सालीं देऊन ठेविलें होतें. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत बदलणाऱ्या बलांनीं कोणतीहि वस्तु सर्व दिशांनीं स्थिर अशी अधांतरीं राहूं शकत नाहीं, हें त्यानें गणितानें सिद्ध केलें. एका दिशेनें ती सांवरली, तर दुसऱ्या दिशेनें निसटलीच पाहिजे. जुन्या पद्धतीचें विजेचें मीटर ज्यांच्या घरीं होतें, त्यांना त्यांतील सावकाश फिरणारी चकती आठवत असेल. अशा कित्येक मीटरांत चकतीचा भार चुंबकानें तोललेला असे. परंतु ती बाजूला सरकूं नये म्हणून वर-खालीं बारीक खुंटीचा आधार ठेवावाच लागे. अर्नशॉच्या नियमापुढें केलेली ही तडजोड होती.

या नियमांतून निसटण्याची एक वाट आहे. नियम हा स्थिर चुंबकांपुरता आहे. चुंबकाचें बल जर क्षणोक्षणीं बदलतां आलें, तर तो लागू पडत नाहीं. १९३७ च्या सुमारास अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत होम्स आणि जेसी बीम्स यांनीं ही वाट चोखाळली. वर विजेचा चुंबक, खालीं पोलादाचा लहान तुकडा; तुकडा खालीं घसरूं लागला कीं प्रवाह वाढवावयाचा, वर चढूं लागला कीं कमी करावयाचा. त्याच सुमारास जर्मनींत हेरमान केंपर यानें सुमारें दोनशें किलोंचा भार याच रीतीनें अधांतरीं तोलून दाखविला. बीम्स यानें तर निर्वात पात्रांत एक मिलिमीटरहून लहान पोलादी गोळी सेकंदाला साडेतीन लाखांहून अधिक फेरे घेईल इतक्या वेगानें फिरविली. तेल नाहीं, हवा नाहीं, स्पर्श नाहीं. मग वेगाला अडवावें कोणीं? अखेर गोळीचें स्वतःचें पोलादच त्या ताणानें फुटे, तीच तिच्या वेगाची सीमा.

आजच्या चुंबकीय धारव्याची रचना या प्रयोगाचाच विस्तार आहे. आंसाभोंवतीं विजेच्या चुंबकांच्या जोड्या बसविलेल्या असतात. प्रत्येक चुंबक आंसाला आपल्याकडे ओढीत असतो. येथें लोटणें नसून ओढाओढच आहे, हें ध्यानांत ठेवावें. आंस आणि चुंबक यांच्यामध्यें अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. आंस कोणत्या बाजूस किती कलला, हें एक सूक्ष्म मापक सतत सांगतो. त्यावरून एक गणनयंत्र कोणत्या चुंबकाचा प्रवाह किती वाढवावा हें ठरवितें. आणि ही मोजणी व दुरुस्ती दर सेकंदाला हजारों वेळां होते. दोरीवर चालणारा डोंबारी जसा एक क्षणहि निश्चल नसतो, तर सतत सांवरत असतो म्हणूनच पडत नाहीं, तसाच हा आंस. बीम्सच्या काळीं हें काम निर्वात नळ्यांवर चाले, म्हणून तें प्रयोगशाळेंतच राहिलें. पुढें अर्धवाहकांचीं स्वस्त आणि चपळ साधनें हातीं आलीं. १९७६ सालीं फ्रान्समध्यें या धारव्यांचा धंदा करणारी कंपनी निघाली. १९८५ सालीं कॅनडांत नैसर्गिक वायूच्या नळमार्गावरील मोठा संपीडक त्यांच्यावर चालूं लागला. आणि १९८८ सालीं झुरिक येथें या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

तेल गेलें म्हणून उष्णतेचा प्रश्नच सुटला, असें मात्र नाहीं. तो चुंबकाच्या दारांत येऊन उभा राहिला. १८९५ सालीं पिएर क्यूरी यानें दाखवून दिलें होतें कीं, प्रत्येक चुंबकीय धातूला उष्णतेची एक ठराविक सीमा असते आणि ती ओलांडतांच तिचा चुंबकीय गुण मावळतो. लोखंडाची ही सीमा ७७० अंश सेल्सिअस, तर कोबाल्टची ११०० अंशांच्याहि वर. म्हणून अति उष्ण जागीं वापरावयाच्या धारव्यांत लोखंड व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे पत्रे घालतात. निओडिमियमचे कायम चुंबक अत्यंत बलवान् खरे, पण उष्णतेला ते फार नाजूक. तेथें समेरियम आणि कोबाल्ट यांचे चुंबक अधिक टिकतात. धातूपेक्षांहि कठीण प्रश्न तारांच्या वेष्टनाचा. नेहमींचें लाखेसारखें वेष्टन अशा उष्णतेंत जळून जातें, म्हणून चिनी मातीच्या जातीचें वेष्टन द्यावें लागतें. शिवाय तापल्यानें सर्वच भाग प्रसरण पावतात, आणि अर्ध्या मिलिमीटरची फट राखावयाची असतां तें प्रसरण शत्रूसारखें वाटूं लागतें. इतक्या अडचणींतूनहि अमेरिकेच्या नासा संस्थेच्या ग्लेन संशोधन केंद्रांत असा धारवा सुमारें ५४० अंश सेल्सिअस उष्णतेंत मिनिटाला १५,००० फेऱ्यांपर्यंत चालवून पाहण्यांत आला. जेथें शिसें केव्हांच वितळून जावें, तेथें आंस अधांतरीं फिरत राहिला.

थंडीच्या टोकाचें उदाहरण जिनिव्हाजवळ आहे. तेथील सर्न प्रयोगशाळेंत २७ किलोमीटर घेराचा एक भुयारी कणवेगवर्धक २००८ सालीं प्रथम चालूं झाला. त्यांतील अतिवाहक चुंबक उणे २७१ अंशांच्याहि किंचित् खालीं ठेवावे लागतात, म्हणजे निरपेक्ष शून्याहून अवघे १.९ अंश वर. इतकी थंडी राखण्यासाठीं हिलियमची अत्यंत विरळ वाफ सतत ओढून घ्यावी लागते, आणि ती ओढणाऱ्या शीत संपीडकांचे आंस चुंबकीय धारव्यांवर फिरतात. येथें चुंबकाचा लाभ दुहेरी आहे. तेलाचा एक थेंबहि हिलियमांत मिसळत नाहीं. आणि घर्षण जवळजवळ नसल्यामुळें त्या थंड भागांत उष्णता अगदीं थोडी उत्पन्न होते. अशा ठिकाणीं थोडीशी ऊबहि फार महाग पडते, कारण ती काढून टाकण्यास बाहेर तिच्या शेंकडों पट शक्ति खर्चावी लागते.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आतां जुन्या वाट्या, गोळ्या आणि वंगण हीं सर्व अडगळींत टाकण्याजोगीं झालीं. हा समज बरोबर नाहीं. प्रत्येक चुंबकीय धारव्याच्या जोडीला एक साधें गोळ्यांचें बेअरिंग गुपचुप बसविलेलें असतें. नेहमींच्या चालींत तें आंसाला शिवतहि नाहीं. पण वीज गेली, किंवा गणनयंत्र चुकलें, तर पूर्ण वेगानें फिरणारा आंस क्षणार्धांत खालीं येतो, आणि त्या वेळीं त्याला झेलावयाचें काम या जुन्या आधाराचें. शिवाय किंमतीचा विचार आहेच. एस. टी.च्या चाकाला, घरांतील पंख्याला किंवा विहिरीवरील पंपाला चुंबकीय धारवा बसविणें म्हणजे माशी मारावयास तोफ आणणें होय. जेथें तेल टिकतें तेथें तेलच शहाणपणाचें.

तरी या इतिहासाचा जो ओघ आहे, तो विचार करण्यासारखा आहे. जात्याच्या खिळीपासून तेलाच्या थरापर्यंत, तेथून वायूपर्यंत आणि वायूपासून चुंबकापर्यंत, प्रत्येक पायरीला स्पर्श कमी होत गेला. आणि स्पर्श जितका कमी झाला, तितकी जागरूकता अधिक लागूं लागली. बैलगाडीचें चाक दिवसभर कुरकुरून मालकाला सूचना देई. रेल्वेच्या पेटीनें घटका दोन घटका सवड द्यावी, धूर काढावा, वास सोडावा, तोंवर कोणी तरी धांवत यावें. चुंबकीय धारवा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच सवड देतो, आणि तेवढ्यांत माणसाचा हात कांहींच करूं शकत नाहीं. पूर्वीं जें ज्ञान स्टेशनावरील एखाद्या अल्पशिक्षित तपासनिसाच्या तळहाताच्या पाठीवर होतें, तें आतां थोड्या तज्ज्ञांनीं लिहिलेल्या गणितांत जाऊन बसलें आहे. यांत लाभ मोठा आहे, आणि धोकाहि आहे. तपासनिसाचा हात शेजारच्या दुसऱ्या माणसाला शिकवितां येत असे. हें गणित विकत घेतां येतें, पण विकत घेतल्यानें समजत नाहीं.

म्हणूनच वर सांगितलेल्या शंभर वर्षांची आठवण ठेवणें अवश्य वाटतें. १८५३ सालीं ठाण्याच्या लोकांनीं गाडी पाहिली, तींत बसण्याचें धैर्य दाखविलें, आणि लवकरच ती आपलीशी केली. पण आंसाच्या पेटीचें झांकण उघडून आंत काय आहे आणि तें तसें कां आहे, हें विचारण्यास आपल्या समाजाला फार उशीर लागला. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेंत जें काम झालें, त्यावरून ती खोड आतां सुटत चालली आहे असें दिसतें. पुढच्या पिढीतील जो मुलगा किंवा जी मुलगी यंत्र चालूं असतांनाच त्याच्या न दिसणाऱ्या आधाराविषयीं प्रश्न विचारील, तिच्या प्रश्नाला घरांतील वडील माणसांनीं कंटाळूं नये. राष्ट्राची यंत्रविद्या शेवटीं अशा प्रश्नांवरच तोललेली असते.